जीपमधला नवा दिवा

वस्तू एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. घाटातल्या एका गावात एक म्हातारी जीप होती. तिच्या छताला मिणमिणता पिवळा दिवा होता आणि त्याच्या उजेडात तिला आपलं अंतरंग नव्यासारखं भासे.

एका संध्याकाळी मालक धोंडू ढेबेने तो काढून पुढच्या सीटवर ठेवला आणि पांढराशुभ्र दिवा बसवला. खटका दाबताच जीप किंचाळली. मागच्या सीटखालचा पत्रा गंजून त्याची पार चाळण झाली होती!

"मेल्या, आल्याआल्या मला भोकं पाडलीस!"

"मावशी, मी नुसता उजेड पाडला," नवा दिवा म्हणाला. "भोकं जुनीच आहेत."

जीपच्या अंगावर काटा आला. त्याच सीटवर रोज शाळेची पोरं बसत होती. ती जुन्या दिव्याकडे वळली. "तुला हे दिसलं नाही?"

"दिसत होतं की. पण नव्या नवरीसारखी दिसतेस म्हटलं, की किती खुलायचीस तू!"

नव्या उजेडात ती चाळण धोंडूलाही दिसली होती.

सकाळी धोंडूने तिला वेल्डिंगवाल्याकडे नेलं. ठिणग्या सोसून नवा पत्रा बसल्यावर ती नव्या दिव्याला म्हणाली, "लाग रे बाबा पुन्हा. अजून कुठंकुठं सडलेय, बघू दे."