धनी कोण, चाकर कोण?

धोंडिबा गुरव नगारखान्याच्या शिडीवरून घसरला, तो थेट खालच्या फरशीवर आला. सनई वाचली, पण उजव्या पायाचं हाड मोडलं.

सोनवडच्या राज्यात रीत अशी होती, की राजाचा चाकर पडला-झडला तर त्याच्या घरी कोठारातून शिधा जायचा आणि राजवैद्य स्वतः औषध घेऊन यायचा. धोंडिबाच्या घरी आठ दिवस झाले तरी ना शिधा आला, ना वैद्य. तेव्हा त्याची मुलगी गोजरा तडक दरबारात गेली.

दिवाण नारोपंतांनी दप्तर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नगारखान्याचे अकराही वाजंत्री चाकर नव्हतेच, मक्तेदार होते! मक्तेदार म्हणजे आपल्या कामाचा आपणच धनी. त्याचा पाय मोडला तर तो त्यानेच बांधायचा.

गोजरा चकित झाली. बाप पहाटे कुठली धून वाजवणार, हे वाड्यातून ठरायचं. अंगरखा सरकारी, पागोटं सरकारी. साध्या बारशाला सनई वाजवायची तरी दिवाणांची परवानगी काढावी लागायची. हे सगळं तिने भुजंगराव राजांना सांगितलं.

राजे मनाने वाईट नव्हते, पण हट्टी होते. एकदा दप्तरात लिहिलं ते लिहिलं. साक्षीदार नकोत, पुरावे नकोत, असं त्यांनी बजावलं. मग मिशीवर हात फिरवत ते म्हणाले, "तुझा बाप आणि त्याचे सोबती माझे चाकर आहेत, असं उद्या सूर्य मावळायच्या आत माझ्याच तोंडून वदवून दाखव. मग देतो वैद्य."

दरबार हसला. जो माणूस बोलणार नाही म्हणून बसलाय, त्याच्याकडून वदवायचं कसं?

गोजरेने मान डोलावली आणि दिवाणांकडे वळली. "पंत, म्हणजे कधी वाजवायचं, काय वाजवायचं, हे मक्तेदाराचं त्यानेच ठरवायचं ना?"

"त्यानेच."

"आणि एखादा आजारी असला, तर बदली माणूस त्यानेच द्यायचा?"

"अर्थात," पंत म्हणाले. "तो धनी आहे ना कामाचा." आणि दप्तर मिटलं.

त्या संध्याकाळी गोजरा नगारखान्यातल्या दहाही जणांकडे जाऊन आली. आधी ते घाबरले. मग हसू लागले. शेवटी नगारा वाजवणारे म्हातारे सटवाजी इतके हसले, की त्यांना पाणी पाजावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाट झाली, पण भूपाळी झालीच नाही. गडावरचं सगळं नगाऱ्याच्या तालावर चालायचं. नगारा नाही म्हणून दरवाजा उघडला नाही, दरवाजा नाही म्हणून दूधवाले बाहेर उभे आणि चुली थंड. राजांना जाग आली तेव्हा ऊन गादीवर आलं होतं. नगारखान्यातली मंडळी झोपली होती. त्यांनी तसं ठरवलं होतं.

राजे उशिरा का होईना जेवायला बसले. पहिला घास उचलला आणि नगारखान्यात धडाक्याने भूपाळी सुरू झाली! माहुतांना वाटलं, पहाट झाली. त्यांनी हत्ती आंघोळीला नदीवर काढले. पहारेकऱ्यांनी पाळी बदलली. आचाऱ्याने राजांच्या पुढचं ताट उचललं आणि न्याहारीची तयारी मांडली.

भूपाळी संपते न संपते तोच पाळणा सुरू झाला. सटवाजींनी नगाऱ्यावर असा मऊ हात धरला, की दारावरचे दोन भालदार उभ्या उभ्या पेंगू लागले. आणि मग पाळण्यात एक भयंकर आवाज घुसला. धोंडिबाच्या जागी बदली म्हणून गोजरेचा मामा सनई घेऊन बसला होता. मामाने आयुष्यात चुलीच्या फुंकणीखेरीज कशातच फुंकर घातली नव्हती. नदीवरचे हत्ती ओरडू लागले.

भुजंगराव राजे खरकट्या हातानेच धावत चौकात आले. मागून नारोपंत, कानात बोटं घालून.

"कुणाच्या हुकमाने चाललंय हे?" राजे गरजले.

गोजरा वरून, नगारखान्यातून वाकली. "कुणाच्याच नाही, महाराज. हे मक्तेदार आहेत. पंतांनीच सांगितलं."

"थांबवा म्हणतो मी!"

गोजरेने हात जोडले. "महाराज, एका धन्याने दुसऱ्या धन्याला करावी तशी ही विनंती आहे का? तसं असेल तर मंडळी बसून विचार करतील. मामांचा सूर आत्ताच कुठे लागतोय."

मामाने पुन्हा एकदा जोर लावला. राजांनी डोळे मिटले.

"विनंती कसली? हुकूम आहे हुकूम! चाकर आहात तुम्ही माझे! मी सांगेन तेव्हा वाजवायचं आणि मी सांगेन तेव्हा थांबायचं!"

नगारा थांबला. सूर थांबला. मामाची सनईही थांबली. सगळ्या गडावर इतकी शांतता पसरली, की राजांना स्वतःचे शब्द चौकातल्या भिंतींवरून परत ऐकू आले.

"थांबले, महाराज," गोजरा म्हणाली. "चाकरच ते. आता आबांकडे वैद्य कधी पाठवता?"

राजांनी आधी पंतांकडे पाहिलं, मग आपल्या खरकट्या हाताकडे. आणि ते हसू लागले. हसता हसता चौकातच खाली बसले. पेंगणारे भालदार दचकून जागे झाले आणि काय झालं ते न कळता तेही हसले.

दुपारीच राजवैद्य पालखीत बसून धोंडिबाच्या घरी निघाला आणि मागून शिध्याच्या गोण्या. नारोपंतांनी दप्तरातली ती ओळ खोडली आणि अकरा नावं चाकरांच्या यादीत एकेक करून स्वतःच्या हाताने लिहिली. गोजरेला राजांनी आपल्या गोठ्यातली दुभती म्हैस दिली, गळ्यात घंटा बांधून.

म्हैस घेऊन ती गडाच्या दरवाजातून निघाली, तेव्हा वर सटवाजींनी आणि मंडळींनी नवरीच्या वरातीची धून धरली. राजांनी सज्जातून विचारलं, हे वाजवायला कुणी सांगितलं? कुणीच सांगितलं नव्हतं. राजे पुन्हा हसले आणि त्यांनी वाजू दिलं.