ठकूचा मांडव

डोकं सांभाळा पाहुणे, आमची दारं ठेंगणी! इथे वारासुद्धा वाकून आत येतो, मग तुमची आमची काय कथा. हां, आता हे घर नीट बघा. एक भिंत सरळ असेल तर शपथ! ही ओटी बघा, चालता चालता मध्येच वळलीय, आणि वळते तिथे हा गुळगुळीत दगड. वाकसड्यावरची सगळी घरं अशीच, एकासारखं दुसरं नाही. का, ते सांगतो. बसा ऐसपैस.

आमची माणसं मूळची खालची, नदीकाठची. पुरानं गाव नेलं तेव्हा ती या उघड्या सड्यावर, डोंगरावरच्या या खडकाळ माळावर, चढून आली. सोबत आणलं काय, तर थोडी ढोरं, गावदेवी आणि राणबा सुताराची मापाची दोरी. तिला गाठी मारलेल्या होत्या म्हणे, ही ओटीची, ही माजघराची. खालचं अख्खं गाव त्या दोरीनं मापलेलं, म्हणून राणबानं इथेही तीच ताणली. तीच घरं, एका रांगेत, पूर्वेला तोंड आणि पश्चिमेला उंच पाठ. खाली डोंगराचा आडोसा होता हो! इथे समुद्राकडून सुटलेला वारा थेट त्या पाठीवर. पहिल्या पावसात छपरं उडाली, पुन्हा घातली, पुन्हा उडाली. आणि तिसऱ्या पावसात भिंत बसली ती राणबाची सून ठकू हिच्या तान्ह्या लेकीवर.

गावानं ठरवलं, बास झालं, उतरायचं, मिळेल तिथे पांगायचं. सगळे गाठोडी बांधायला लागले, पण ठकू लेकीला पुरलं त्या दगडाजवळून हलेना. "माझी लेक इथे निजलीय. तिला एकटीला टाकून मी उतरायची नाही!" मग ती देवीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत बोलली, असं सांगतात, "आई, वर्षभर चार मेढींच्या मांडवाखाली राहीन. हा सडा कसा नांदतो ते बघेन आणि तसंच घर बांधेन. पुढच्या पावसात ते पडलं, तर गावामागून मुकाट उतरेन."

लोक म्हणाले, दुःखानं पोरीचं डोकं फिरलं. पण तिच्याकडे बघून कुणाची गाठोडी उचलायची छाती झाली नाही.

ठकू आणि तिचा नवरा येसबा मांडवात राहिले. थंडीत कोवळं ऊन आधी कुठे उतरतं, तिथे तिनं दगड ठेवला. उन्हाळ्यात जांभळीची सावली दुपारभर कुठे टिकते, तिथे दगड. पावसात चूल विझली की ती चूल उचलून दुसरीकडे मांडायची, आणि विझेना झाली तिथे दगड. एकदा वारा असा उठला की मांडवाचा पेंढा गेला उडून, आणि ठकू बघते तर ढोरं सगळी कातळाच्या पोटाशी निवांत रवंथ करतायत! ती भिजत धावत सुटली म्हणे. "मामंजी, सापडली! घराची पाठ सापडली!"

पावसाळा सरला तशी तिनं दगडाला दगड जोडून आखणी दाखवली. राणबा बघतच राहिला. "अगं, हे घर म्हणायचं की चावलेली भाकरी?" त्यानं दोरी लावून पाहिली. एक गाठ जुळेल तर ना! जांभळीपाशी भिंत आत गेलेली, आणि लेकीच्या दगडाला ओटीनं वळसा घातलेला. तो वळसा पाहिला मात्र, म्हातारा त्या दगडाशी बसला आणि मोठ्यानं रडला. मग उठला, दोरी गुंडाळून खुंटीला टांगली आणि कुदळ हातात घेतली. चिरा सड्याचाच, माती सड्याचीच, वर गवताचं छप्पर, तेही वाऱ्याकडे पार जमिनीपर्यंत उतरलेलं.

पुढचा पाऊस आला तेव्हा ठकूचे दिवस भरले होते. भर दुपारी अंधारून आलं, रांगेतली घरं कडाकड उघडी पडली आणि अख्खं गाव, ढोरांसकट, या घरात शिरलं. सगळ्यांचे डोळे वर. वारा कातळावर आपटला, छपरावरून घसरला आणि पलीकडे निघून गेला. काडी हलली नाही हो! आणि त्या गर्दीत आतून ट्यांहा ऐकू आलं. मुलगी!

पाळण्याला दोरी शोधायची कुणी? राणबानं खुंटीवरची मापाची दोरी काढली, सगळ्या गाठी सोडवल्या आणि नातीचा पाळणा बांधला. गाव काही उतरलं नाही.

आजही वाकसड्यावर घर बांधायचं म्हणजे आधी वर्षभर मांडव. आजही नव्या घरात पहिल्यांदा बांधतात तो दोरीचा पाळणा, मूल असो नसो, आणि पहिला झोका या दगडाखाली निजलेल्या ठकूच्या थोरलीच्या नावानं देतात. तो पलीकडे मांडव दिसतोय ना? आमची नात बसलीय यंदा, शहरातून घराचा मोठा नकाशा घेऊन आली होती. काल संध्याकाळी ओरडत आली, "आजोबा, चूल विझली नाही!" जा, बघून या. पण तिचे दगड हलवू नका हं!