कागदाबाहेरची वाट

नकाशे हातानं काढत, तेव्हाची गोष्ट. मोजणीदारानं शहराचा नकाशा वेशीपर्यंतच काढला आणि कोणत्या रस्त्याला किती रस्ते मिळतात ते मोजलं. पेठरस्ता पहिला आला, वेशीवरची कुंभारवाट शेवटची.

"तुला एकच गल्ली मिळते, बाई," पेठरस्ता हसला.

कुंभारवाट ताठ मानेनं मोजणीदाराला म्हणाली, "दादा, वेशीपलीकडं कागद जोडा."

त्यानं जोडला. पलीकडच्या सात गावांच्या वाटा तिलाच येऊन मिळत होत्या. पेठेतला गूळसुद्धा तिच्यावरूनच येत होता. ती पहिली आली, पेठरस्ता दुसरा.

आता नव्या कागदाच्या कडेची एक पाणंद शेवटची ठरली. मोजणीदार तसं लिहू लागला, तेव्हा कुंभारवाट म्हणाली, "थांबा. तिथं तुमचा कागद संपलाय, ती नाही."