थंड चुलींची वाडी

फार पूर्वी वेणुमती नगरीवर राजा यशकेतू राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका साध्या घरात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल, आणि त्याचे काम धूर मोजण्याचे.

धूर मोजणे हे काय काम झाले, असे कोणालाही वाटेल. पण वेणुमतीची रीतच तशी होती. बारा वर्षांतून एकदा, पौषातल्या अवसेच्या सकाळी, हवा गार आणि स्तब्ध असताना सोमिलने उंच बुरुजावर चढायचे. घराघरांतून धूर सरळ वर येई. एक धूर म्हणजे एक चूल आणि एक चूल म्हणजे एक घर. प्रत्येक धुरामागे तो दोरीला एक गाठ मारी. जितक्या गाठी, तितक्या मातीच्या मुद्रा भाजून घरोघर वाटल्या जात. मुद्रेवर राजाचा शंख उमटवलेला असे. ज्याच्या घरी शंखमुद्रा, तो राज्याचा माणूस.

सोमिलच्या मोजणीला चार वर्षे झाली होती आणि त्यांतली शेवटची तीन कोरडी गेली होती. विहिरींचे तळ दिसू लागले तेव्हा राजाने आपले कोठार उघडले. मुद्रा दाखवायची आणि पंधरवड्याला पायलीभर जव घेऊन जायचे. लोकांनी राजाला तोंडभर आशीर्वाद दिले.

ओढ्यापलीकडे लव्हाळवाडी होती. तिथली माणसे लव्हाळ्याच्या चटया विणत. नगरातला प्रत्येक जण त्यांच्या चटईवर जन्मे आणि त्यांच्याच चटईवर शेवटचा श्वास घेई. मधल्या सगळ्या वर्षांत मात्र वाडीकडे कोणी फिरकत नसे. वाडीची माणसे कोठारापुढे येऊन उभी राहिली, तेव्हा अमात्य उग्रदत्ताने मुद्रा मागितल्या. एकाकडेही मुद्रा निघाली नाही. उग्रदत्त काही दुष्ट नव्हता. धान्य पुरेल का, या काळजीने त्याची झोप उडाली होती, आणि भ्यालेला माणूस हाताशी असेल तो नियम घट्ट धरून बसतो. त्याने दवंडी पिटवली, "मुद्रा नाही ते परके. परक्यांनी पाच दिवसांत शिवेपलीकडे जावे." शिवेपलीकडे तीन दिवसांच्या वाटेवर पाण्याचा थेंब नव्हता. गंमत अशी, की ही आज्ञा देताना अमात्य लव्हाळवाडीच्याच चटईवर मांडी घालून बसला होता.

वाडीत आज्ञा पोचवायला सोमिलला धाडले. ओढा ओलांडायची त्याची ती पहिलीच वेळ होती.

पहिल्याच झोपडीत गोधी नावाची म्हातारी विणत बसली होती. शेजारी तिची नात रेवा, आठ महिन्यांची गरोदर, लव्हाळे निवडून देत होती. गोधीने नवी चटई झटकून अंथरली आणि अर्धी वाटी पाणी पुढे ठेवले. त्या वाडीत त्या दिवशी अर्धी वाटी पाणी म्हणजे काय, हे सोमिलला कळले. त्याने ते ओठांना लावले आणि रेवाकडे सरकवले. मग खाली मान घालून आज्ञा सांगितली.

गोधीचे हात थांबले. "माझ्या आजीची आजी हितंच विणत होती, बाबा. आता आम्ही परके कसे झालो?"

"आई, मोजणीच्या दिवशी वाडीतून धूर दिसला नाही," सोमिल म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही लव्हाळं तोडायला दूर गेला असाल."

"कधी होती तुझी मोजणी?"

"पौषी अवसेला."

गोधी त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, अवसेला आम्ही चूल पेटवत नाही. गेलेली माणसं त्या दिवशी घरला येतात. चुलीतल्या गार राखेत त्यांची पावलं उमटतात, ती सकाळी बघायची असतात. तू मोजत होतास तवा आम्ही सगळी राखेवर वाकून बसलो होतो. मेलेल्यांनासुद्धा घरात घेतलं होतं आम्ही. आणि तू जित्यांना वगळलंस?"

ती रागावली असती तर बरे झाले असते. पण ती नुसती रडली. ती सकाळ सोमिलला लख्ख आठवली. बुरुजावर गारठा होता, पाय भरून आले होते आणि घरी कढत पेज वाट पाहत होती. ओढा काही लांब नव्हता. तो ओलांडून बघून यायला अर्धी घटका पुरली असती.

तो तडक उग्रदत्ताकडे गेला. "चूक माझी आहे. मोजणी दुरुस्त करा."

"हळू बोल," उग्रदत्त म्हणाला. "खोटी मोजणी करणाऱ्याची मुद्रा फुटते, विसरलास? त्यांच्याबरोबर तुलाही शीव ओलांडावी लागेल. गप्प राहा. कोणी विचारायला येणार नाही."

घरी येऊन सोमिलने बायकोला, मृगेला, सगळे सांगितले. ती बराच वेळ पायाखालच्या चटईची कड चाचपत राहिली. मग उठून तिने फडताळातली मुद्रा काढली आणि त्याच्या उपरण्याच्या टोकाला बांधली.

"जा, सांगून टाका खरं," ती म्हणाली. "त्या पोरीला वाटेत कळा लागल्या, तर आपल्याला या चटईवर झोप येणार आहे का?"

चौथ्या दिवशी सोमिलने भर दरबारात आपली मुद्रा जमिनीवर आपटून फोडली आणि आपली चूक सांगितली. राजाचे मन द्रवले, पण उग्रदत्त उठला. "महाराज, मोजणी धुराचीच व्हायची आणि बारा वर्षांनीच व्हायची. तुमच्या आजोबांचा नियम आहे. पुढची मोजणी आठ वर्षांनी."

राजाला काय करावे कळेना. सोमिल हात जोडून म्हणाला, "नियम मोडू नका, महाराज. उद्या सकाळी फक्त माझ्याबरोबर बुरुजावर चला." राजाने मान डोलावली.

त्या दुपारी सोमिल वाडीत जाऊन सकाळी प्रत्येक घराने चूल पेटवावी असे सांगून आला, आणि मृगा नगरात गल्लीगल्लीतून फिरली. दारोदारी ती एकच मागणे मागे, "उद्याची एक सकाळ चूल पेटवू नका." काहींनी दार लावून घेतले. काहींनी कारण विचारले. ती घरात अंथरलेल्या चटईकडे बोट दाखवी आणि गोधीचे बोलणे जसेच्या तसे सांगे. मग दार लावणाऱ्यांनीही दारे उघडली.

पाचव्या दिवशी सकाळी राजा बुरुजावर चढला. मागोमाग धापा टाकत उग्रदत्तही आला. राजाने खाली पाहिले आणि दचकला. एवढी मोठी वेणुमती, पण एका छपरावरही धूर नव्हता. ओढ्यापलीकडे मात्र दोनशे चुलींचे दोनशे धूर सरळ वर चढत होते. विणायला ठेवलेले शेवटचे लव्हाळेही वाडीने चुलीत घातले होते.

"माझे नगर कुठे गेले?" राजाने विचारले.

"इथेच आहे, महाराज. माझ्या बायकोने विनंती केली, म्हणून आज लोकांनी चुली पेटवल्या नाहीत. पण नियमाने पाहिलं, तर या घडीला वेणुमतीत कोणी राहत नाही. राहतात ती फक्त वाडीची माणसं."

राजाची नजर आपोआप राजवाड्याकडे वळली. "आणि आमच्या पाकशाळेचा धूर?"

"तोही नाही, महाराज. राणीसाहेबांनीही माझ्या बायकोचं ऐकलं."

आपण आपल्याच राज्यात परके ठरलो, हे राजाला तेवढ्यात उमगले. मग त्याचे डोळे भरून आले. "उग्रदत्ता," तो म्हणाला, "पायलीतून प्रत्येक घराची एक मूठ कमी कर. माझ्या ताटातून दोन मुठी कमी कर. शीव कोणी ओलांडणार नाही. आणि यापुढे मोजणारा बुरुजावर चढणार नाही. तो दारी जाईल, चटईवर बसेल आणि विचारेल."

महिन्याभराने लव्हाळवाडीत नव्या मुद्रा वाटायला राजा स्वतः आला. रेवाच्या मांडीवर दहा दिवसांची मुलगी होती. सगळ्यांना मुद्रा मिळाल्या. सोमिल आणि मृगा एका कडेला उभे होते. त्यांची मुद्रा फुटली होती आणि ती परत मागायची नाही, असे त्यांनी ठरवले होते.

गोधीने आपली मुद्रा पदरात बांधली, पुढे होऊन सोमिलचा हात धरला आणि त्याला राजापुढे उभे केले.

"महाराज, एक घर राहिलं मोजायचं," ती म्हणाली. "ही दोघं आमच्यातली. आमच्यात मोजा."

आणि त्या जन्मी बोधिसत्त्व लव्हाळवाडीचा माणूस म्हणून मोजला गेला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवनात सांगितली. त्या दिवशी दारावरच्या एका भिक्षूने एका उपाशी वाटसरूला, त्याला गाव आणि कुळ सांगता येईना म्हणून, बाहेरच थांबवले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा तो आजचा आनंद. म्हातारी गोधी ती महाप्रजापती गौतमी, मृगा ती राहुलमाता, आणि धूर मोजणारा तो मीच." मग त्या भिक्षूकडे पाहून ते मायेने म्हणाले, "काळजीने झोप उडालेला अमात्य, बाळा, तो तू होतास. तेव्हा सोमिलही चुकला होता आणि तूही. चुकलेल्याने परत जाऊन दार उघडावे, हीच करुणा."

भिक्षू उठला. दाराशी वाटसरू अजून बसून होता. भिक्षूने काही न विचारता त्याच्यासाठी चटई अंथरली.