कोरड्या गळ्याची कविता

फार पूर्वी, चंद्र तळ्यात झोपायला यायचा तेव्हाची गोष्ट. आटत चाललेलं तळं वाचवायला विद्वानांची सभा भरली. बोलण्याआधी तळ्यातलं पाणी पिऊन गळा ओला करायचा, असा सभेचा रिवाज होता.

हत्तीने सोंडभर पिऊन पाणी किती उरलंय ते सांगितलं. रेड्याने पोटभर पिऊन पाण्यावर हक्क कोणाचा ते सांगितलं. उरलेल्या ओंजळभर पाण्यात चिंगी मासोळी स्वप्नात असल्यासारखी ऐकत होती. मग बगळेबुवांनी कवितेसाठी चोच वाकवली. तेव्हा बगळे मासे खात नसत, निदान सभेत तरी!

"बुवा, कविता कोणावर?" चिंगीने विचारलं.

"तुझ्यावरच गं, पोरी!"

"मग कोरड्या गळ्यानेच म्हणा की!"

बगळा फाटक्या आवाजात गायला. पुढच्या भाषणासाठी भरून ठेवलेली सोंड हत्तीने हळूच तळ्यात रिकामी केली.