चिटूचं लोणी आणि तात्यांची गरम मोटार

ऐका हं. मांडीवर नीट बसा. चुळबुळ नको.

चिटू उंदरीच्या भावाला बाळ झालं. एवढुस्सं! आज त्याचं बारसं. चिटू झाली आत्या. बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्या! बाळाला लोणी कोण चाटवणार? आत्याच!

चिटूनं लोण्याचा गोळा घेतला. लाडवाएवढा. डोक्यावर ठेवला. बाहेर ऊन म्हणजे काय ऊन! म्हणून ती तात्यांच्या मोटारीत बसली. पट्टासुद्धा लावला. पट्टा मोठा, चिटू छोटी. दिसेचना!

मोटार जुनी. तिचा एसी तिच्याहून म्हातारा.

भुर्रर्र... खुर्रर्र... फुस्स!

गार वारा गेला. मोटार थांबली.

टप्! लोणी झालं लिंबाएवढं.

"अगं बाई, लोणी चाललं! बाळाला काय देऊ?" चिटू रडकुंडीला आली.

"मोटारताई, मोटारताई, गार वारा दे ना!"

"कुठून देऊ गं? माझा पंखा थकला. मिस्त्री नवा पंखा बसवतील, मग देईन."

चिटू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. समोरच नझीरमिस्त्रींचं गॅरेज. मिस्त्री टायरवर बसून जांभया देत होते.

टप्! लोणी झालं आवळ्याएवढं.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, पंखा बसवा ना!
मोटार वारा देईना,
लोणी माझं राहीना!"

"बसवतो की! मोठ्ठा पंखा आहे. गॅसपण भरतो. पण चहाशिवाय माझा पाना फिरत नाही. किटली चहा देईल, मग बसवीन."

चिटू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. किटली शेगडीवर फुगून बसली होती.

टप्! लोणी झालं बोराएवढं.

"किटलीमावशी, किटलीमावशी, चहा दे ना!
मिस्त्री पंखा बसवीना,
मोटार वारा देईना,
लोणी माझं राहीना!"

"पाणी आहे, साखर आहे, दूध कुठाय? शेळी दूध देईल, मग देईन."

चिटू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. शेळी सावलीत उभी होती. तोंड वाकडं करून.

टप्! लोणी झालं वाटाण्याएवढं.

"शेळीबाई, शेळीबाई, दूध दे ना!
किटली चहा देईना,
मिस्त्री पंखा बसवीना,
मोटार वारा देईना,
लोणी माझं राहीना!"

"बेंऽऽ! मला झेंडू हवा. ताजा नको. वाळका, कुरकुरीत. मोटारीच्या नाकावर दसऱ्याचा हार आहे ना, तोच हवा! तात्या हार काढतील, मग देईन."

बघा बाई! दसरा झाला, दिवाळी झाली, होळी झाली. हार आपला मोटारीच्या नाकावर! ती बिचारी श्वास तरी कुठून घेणार?

चिटू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तात्या घाम पुसत बसले होते.

"तात्या, तात्या, हार काढा ना!
शेळी दूध देईना,
किटली चहा देईना,
मिस्त्री पंखा बसवीना,
मोटार वारा देईना,
लोणी माझं राहीना!"

"छे छे! दसऱ्याचा हार कुणी काढतं का? तो आपला आपण पडतो. कुणी मोठं माणूस सांगेल, तरच काढीन."

आली का पंचाईत! मोठं माणूस आणायचं कुठून? चिटूनं इकडे पाहिलं. चिटूनं तिकडे पाहिलं. मग उभी राहिली मागच्या पायांवर. शेपटी ताठ! मिशा ताठ!

"मीच मोठं माणूस! मी आत्या आहे, आत्या!"

"आत्या?" तात्या ताडकन उठले. हात जोडले. "अरे बापरे! आत्याबाईंना नाही कसं म्हणायचं?"

तात्यांनी हार काढला. सर्रर्र!
मोटार शिंकली. आऽऽक् छी!
शेळीनं हार खाल्ला. कुरुम कुरुम!
शेळीनं दूध दिलं. चुर्र चुर्र!
किटलीनं चहा दिला. खळखळ खळखळ!
मिस्त्री चहा प्याले. फुर्रर्र!
मिस्त्रींनी पंखा बसवला. खाट खुट खाट!
गॅस भरला. सुंऽऽ!
मोटारीनं वारा दिला. भिर्रर्रर्र!

गार! गार! इतका गार की तात्यांनी भर उन्हाळ्यात कानटोपी घातली. शेळीचे दात वाजले. कडकडकड! आणि लोणी? टप् नाही, टिप् नाही. घट्ट!

सगळे निघाले बारशाला. शेळी मागे, मिस्त्री पुढे, किटली मिस्त्रींच्या मांडीवर.

पाळण्यात बाळ रडत होतं. ट्यां ट्यां ट्यां! चिटूनं लोण्याचा वाटाणा पुढे केला. बाळाचं तोंड केवढं? तिळाएवढं! बाळानं चाटलं, चाटलं, पुन्हा चाटलं. तरी संपेना! बाळ हसलं.

मग चिटू बाळाच्या कानाशी वाकली.

"कुर्र्र्! नाव ठेवते... गारोबा!"

नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत काय मिळतं? धपाटे! तात्यांनी दिला. धप्! मिस्त्रींनी दिला. धप्! शेळीनं शिंगानं दिला. धप्! किटलीनं तोटीनं दिला. टिंग! सगळ्यांनी अगदी हळू हं, आत्या इवलीशी ना!

"अजून एक द्या," चिटू म्हणाली. "मी आत्या आहे!"