दिवेलागणीच्या मिठाची कहाणी

ऐका आकाशातल्या बापा, तुमच्या न्यायाची नि तुमच्या दयेची कहाणी.

आटपाट गाव होतं, गावाला खाडीचा वेढा होता. तिथं कातरीन नावाची एक विधवा लोकांच्या मिठागरात राबायची. तिला एकच लेक, बस्त्याव. तो तापानं फणफणला. काढा झाला, लेप झाला, ताप काही उतरेना. मग ती तिन्हीसांजेला गावच्या क्रुसापाशी गेली. तिथं बाया दिवा लावून प्रार्थना म्हणत होत्या.

"बायांनो, हा कसला वसा वसता? मला सांगा."

"तुला गं कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही. माझं पोर तेवढं वाचू दे."

मग त्या म्हणाल्या, "दिवे लागल्यावर मीठ दिलं की घरची बरकत जाते, असं लोक म्हणतात. आपण द्यावं. समुद्र देवाचा, ऊन देवाचं, मीठ तरी आपलं कुठलं? दारात हात पुढं आला, की मूठभर मीठ द्यावं. कोण, कुठला, विचारू नये."

कातरीननं वसा घेतला. सकाळी पोर उठून पेज मागू लागलं.

मग बरकत आली. कातरीननं स्वतःचं मिठागर केलं. तिथं मीठ असं पांढरं पिकलं, की ढिगावर बगळे बसले तर दिसेनात, नुसत्या पिवळ्या चोची हिंडताना दिसत. हसू नका गं, क्रुसापुढं बसून खोटं बोलवतं का? बस्त्याव मोठा झाला. कौलारू घर झालं. दाराला पितळी कडी लागली. मग कातरीन उतली, मातली.

एके दिवशी तिन्हीसांजेला कोळीण आली. "कातरीनबाय, म्हावरं नासतंय. मूठभर मीठ दे."

"दिवे लागले. उद्या ये."

दुसऱ्या तिन्हीसांजेला म्हातारा आला. "पोरी, माझी पेज अळणी आहे."

"दिवे लागले. उद्या ये."

तिसऱ्या तिन्हीसांजेला एक वाटसरू आला. हाताला फडकं बांधलेलं. त्यानं नुसता हात पुढं केला. तिनं कडी लावली.

मग काय झालं? वाफ्यात पाणी घेतलं, पाणी आटलं, खाली नुसता चिखल. पुन्हा घेतलं, पुन्हा चिखल. ढीग संपले, बगळे उडाले, गडी निघून गेले. बस्त्यावनं बोचकं बांधलं.

"आये, मी उद्या पहाटे बोटीवर कामाला जातो. इथं काय चाटू, चिखल?"

"कधी येशील रे?"

"तुझ्या आगरात मीठ पिकेल तेव्हा."

कातरीनचं काळीज हललं. तापातून परत मिळालेलं लेकरू पुन्हा चाललं. "देव फिरला," असं म्हणत ती किनाऱ्यावर गेली. समुद्राला विचारलं, "तू गोडा झालास का?" समुद्र म्हणाला, "चाखून बघ." चाखला, तसाच खारट. सूर्याला विचारलं, "तू निवलास का?" सूर्य म्हणाला, "वाळूत पाय ठेव." ठेवला, तसाच पोळला. वाऱ्याला विचारलं, "तू पडलास का?" वारा म्हणाला, "आधी पदर सावर."

समुद्र तोच, ऊन तेच, वारा तोच. त्यांचा धनीही तोच. मग फिरलं कोण? कातरीन आल्या वाटेनं मागं फिरली.

घरी आली, दिवा लावला, कडी काढली. बरणीत शेवटचं मूठभर मीठ होतं, लेकाच्या शिदोरीसाठी राखलेलं. तोच दारात वाटसरू उभा. त्यानं फडकं सोडलं, हात पुढं केला. तळव्यात आरपार जखम.

"बाबा, चुरचुरेल रे."

"टाक. या हाताला सवय आहे."

तिनं बरणी उपडी केली. मग पायांवर पडली. "त्या दिवशी मी कडी लावली."

"तीनदा लावलीस. कोळिणीचं म्हावरं नासलं, म्हातारा अळणी जेवला. तेही माझेच हात होते. त्याचा जाब कोण देणार?"

"मीच."

"म्हणून मीठ थांबवलं. तो माझा न्याय."

"मग आज का आलास?"

"मी रोज येत होतो. आज कडी काढलेली दिसली."

तिनं मान वर केली, तर दारात कुणी नव्हतं.

पहाटे बस्त्याव अळणी भाकर बांधून निघाला. बोट गाठायची म्हणून बांध सोडला, आडवाटेनं वाफ्यात पाय टाकला. पायाखाली करकर वाजलं. वाकला, चिमूट उचलून जिभेला लावली. "आये!" म्हणून ओरडला, तो गावभर ऐकू गेला. बोचकं तिथंच पडलं.

कातरीननं लेकाला पोटाशी धरलं. मग पहिलं मीठ ओटीत घेतलं. आधी म्हाताऱ्याच्या दारी गेली, मग कोळिणीच्या.

कोळीण म्हणाली, "काय गं, आज दिवे लागायचे राहिले वाटतं?"

"लागू देत," कातरीन म्हणाली. "कडीच उपटून टाकलीय."

जसा देव कातरीनच्या दारी परत परत आला, तसा तुमच्या आमच्या दारी येवो. येईल तेव्हा दार उघडं सापडो. ही साठां घासांची कहाणी चिमूटभर मिठानं सुफळ संपूर्ण. आमेन म्हणा, बायांनो.